हात एक, टक्के तीन

पत्राचा सारांश: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये १४ वर्षे डाय फिटर, म्हणजे साचे जुळवणारे कारागीर असलेले ४३ वर्षांचे एक गृहस्थ २० महिन्यांपूर्वी दुसरी पाळी संपवून घरी येत असताना पाथर्डी फाट्याजवळ मोटारसायकल घसरून पडले. दुसरे वाहन मध्ये नव्हते. उजव्या खांद्यापासून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा तुटला आणि दोन शस्त्रक्रियांनंतरही तो हात जवळजवळ निकामी आहे. जिल्हा रुग्णालयाने ७० टक्के कायम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र दिले. त्यांच्या स्वतःच्या १० लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून मात्र विमा कंपनीने १५ टक्के, म्हणजे दीड लाख रुपये देऊ केले असून ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेले डिस्चार्ज व्हाउचर, म्हणजे रक्कम मिळून दावा मिटल्याची पावती, सहीसाठी पाठवले आहे. कारखान्याच्या १५ लाखांच्या सामूहिक पॉलिसीचा दावा ‘कायमस्वरूपी संपूर्ण अपंगत्व नाही’ या एका ओळीत फेटाळला गेला. पगार बंद आहे आणि एचआर विभाग राजीनाम्याचा आग्रह धरतो आहे. त्यांच्या पत्नी विचारतात: ७० टक्क्यांचे १५ कसे झाले? सही करावी का? ‘मिळेल त्यातले २५ टक्के द्या, क्लेम काढून देतो’ म्हणणाऱ्या माणसाकडे काम सोपवावे का? दीर ओळखीतून १०० टक्क्यांचे प्रमाणपत्र आणू म्हणतात, ते आणावे का? यजमान रोज सकाळी पंचवटीत मावसभावाच्या दुकानात २ तास बसतात, ही गोष्ट लपवावी का? आणि यजमान स्वतः म्हणतात, ‘भीक मागितल्यासारखे वाटते, सोडून दे.’

ताई,

तातडीचे आधी सांगतो. व्हाउचरवर आज सही करू नका, पण ते फाडूनही टाकू नका. राजीनामा तर अजिबात देऊ नका. त्यामागची कारणे पुढे येतील. निवृत्तीपूर्वी बरीच वर्षे मी एका विमा कंपनीच्या दावे विभागात, म्हणजे तुमच्या दृष्टीने टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत होतो, त्यामुळे तिथे कागद कसा वाचला जातो याची थोडी कल्पना मला आहे.

तुमच्या पत्रातला सगळा राग ७० आणि १५ यांच्यातल्या फरकावर आहे. तुम्ही असे गृहीत धरले आहे की अपंगत्वाचा टक्का ही तापासारखी गोष्ट आहे. कोणीही मोजला तरी तोच यायला हवा आणि कमी आला तर मोजणाऱ्याने लबाडी केली. प्रत्यक्षात एकाच हाताचे तीन निरनिराळे टक्के असू शकतात आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक ठिकाणी विचारलेला प्रश्न वेगळा असतो. हे एकदा नीट समजले की तुमची अर्धी गुंतागुंत सुटेल, आणि कंपनीची चूक नेमकी कुठे आहे तेही दिसेल. चूक बहुधा आहे, पण तुम्ही शोधता आहात तिथे ती नाही.

पहिला टक्का प्रमाणपत्रावरचा. त्र्यंबक रस्त्यावरच्या जिल्हा रुग्णालयातून मिळालेला तो कागद पुन्हा उघडून ७० या आकड्याच्या आसपासची इंग्रजी ओळ वाचा. हे अपंगत्व शरीराच्या कोणत्या भागाच्या संदर्भात आहे, ते त्या नमुन्यात लिहिलेले असते, आणि तुमच्याकडे बहुधा ‘उजवा वरचा अवयव’ अशा अर्थाचे शब्द असतील. म्हणजे माणूस ७० टक्के अपंग असे ते म्हणत नाही; त्या हाताची क्षमता ७० टक्के गेली असे म्हणते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती अनेक सवलतींना पात्र ठरते आणि त्या कामासाठी हे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, सोन्यासारखे आहे. विमा कंपनीवर मात्र तो आकडा जसाच्या तसा बंधनकारक नसतो. तिच्यासाठी तो एक पुरावा आहे, हिशेबाचे सूत्र नव्हे.

दुसरा टक्का पॉलिसीतला. अपघात विमा हा करार आहे आणि करारात एक तक्ता असतो. दोन्ही डोळे, दोन हात किंवा पाय, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेल्यास १०० टक्के. एक संपूर्ण हात किंवा पाय गेल्यास ५० टक्के. पुढे अंगठा, बोटे, बोटांची पेरे असे उतरत जाणारे आकडे. आपल्याकडच्या बहुतेक प्रचलित पॉलिस्यांमध्ये या तक्त्यात तुमच्या कामाच्या दोन ओळी असतात. एक ओळ अशी की हात शरीरापासून तुटला नसला, तरी त्याचा वापर पूर्णपणे आणि पुन्हा न येण्याजोगा गेला असेल तर ५० टक्के. दुसरी ओळ तक्त्याच्या तळाशी असते: वर न बसणारे अन्य कोणतेही कायम अंशतः अपंगत्व, डॉक्टर ठरवतील तेवढे टक्के. १५ हा आकडा तक्त्यातल्या हाताच्या कोणत्याही नेमक्या ओळीतून येत नाही, त्यामुळे माझा कयास असा आहे की तुमची फाइल त्या तळाच्या ओळीत टाकली गेली आणि कंपनीच्या वैद्यकीय सल्लागाराने कागद पाहून तो आकडा लिहिला. म्हणून तुमचा वाद ‘७० विरुद्ध १५’ असा नसून ‘तळाची ओळ की वापर गेल्याची ओळ’ असा आहे. तो जिंकलात तर १० लाखांच्या पॉलिसीतून ५ लाख मिळतील. ७ किंवा १० लाख या कराराच्या शब्दांतून निघतील असे मला वाटत नाही, आणि तशी आशा लावणे तुमच्यावर अन्याय ठरेल.

आता ‘पूर्णपणे आणि पुन्हा न येण्याजोगा’ या शब्दांकडे या, कारण लढाई तिथे आहे. तुमच्या फाइलमध्ये फिजिओथेरपीचे कागद असतील आणि त्यांवर ‘इम्प्रूव्हिंग’ हा शब्द अनेकदा आला असेल. थेरपिस्ट तो रुग्णाला धीर यावा म्हणून आणि पुढच्या उपचाराची दिशा कळावी म्हणून लिहितो. दावे विभागातला माणूस तोच शब्द ‘हात सुधारतो आहे, म्हणजे वापर कायमचा गेलेला नाही’ असा वाचतो. मीही पूर्वी तसाच वाचत असे, हे कबूल करतो. स्नायूंची ताकद ० ते ५ अशी मोजली जाते. १ म्हणजे स्नायूत नुसती फडफड दिसते, हालचाल होत नाही; २ म्हणजे हाताचे वजन कोणी तोलून धरले तरच हालचाल होते; ३ आल्यावर कुठे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलता येतो. शून्याचा एक झाला तर ती वैद्यकीय भाषेत सुधारणा आहे, पण त्या हाताने पाण्याचा पेलासुद्धा उचलला जात नाही. हे कोणीतरी कागदावर स्पष्ट लिहायला हवे, आणि तो माणूस म्हणजे शस्त्रक्रिया करणारे सर्जन.

त्यांच्याकडे जाताना ‘दाखला द्या’ एवढेच म्हणू नका. पॉलिसीतले ते वाक्य छापून न्या आणि विचारा की त्यांच्या मते हे वाक्य या हाताला लागू होते का. ते हो म्हणाले, तर त्यांच्या पत्रात चार गोष्टी याव्यात: प्रत्येक महत्त्वाच्या स्नायूगटाची आजची ताकद, मज्जातंतूंच्या ताज्या तपासणीचा, म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजीचा निष्कर्ष, अपघातानंतरच्या एमआरआयमध्ये तंतूंची मुळे मणक्यापासून उपटली गेल्याचे दिसले होते का, आणि यापुढे उपयोगी पडेल अशी सुधारणा अपेक्षित आहे की नाही. तिसरी गोष्ट फार मोलाची आहे. बहुतेक पॉलिस्यांत अपंगत्व अपघातापासून १२ महिन्यांच्या आत आलेले असावे अशी अट असते, तर अशा जखमेवरचे उपचार आणि वाट पाहणे दीड-दोन वर्षे चालते. कंपनी म्हणू शकते की कायमपणा उशिरा ठरला. पण मुळापासून उपटलेला तंतू आपोआप जुळून येत नाही, त्यामुळे एमआरआयमध्ये तसे दिसले असेल तर सर्जन असे लिहू शकतात की हानी अपघाताच्या दिवशीच झाली होती, शस्त्रक्रिया तिच्यावर मात करण्याचा प्रयत्न होता, आणि नंतर ठरले ते फक्त त्या प्रयत्नाचे फळ. आणि ते नाही म्हणाले, तर तेही ऐकून घ्या. हाताने खरोखर थोडेफार काम होत असेल तर ५० टक्क्यांची ओळ तुमची नाही. मग त्यांच्याकडून कारणांसह टक्का लिहून घेऊन १५ हा आकडा वाढवून मागणे एवढाच मार्ग उरतो.

तिसरा टक्का कमाईचा. तुम्ही पत्रात लिहिले आहे, ‘डाय फिटरचा उजवा हात गेला म्हणजे त्याचे सगळेच गेले ना?’ हा प्रश्न विमा करार विचारत नाही, पण कायदा विचारतो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता १०० टक्के गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव यांच्या खटल्यात मान्य केले आणि १९७६ पासून तो निकाल कामगार भरपाईच्या दाव्यांत सांगितला जातो. मोटार अपघाताच्या दाव्यांतही २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. पण हे निकाल विमा कंपनीला पाठवून उपयोग नाही. ते मालकाकडे, म्हणजे कारखान्याकडे भरपाई मागताना लागतात.

इथे तुमच्या पत्रात न आलेली एक वाट आहे. यजमान पाळी संपवून घरी येत होते. कामावर जाता-येता झालेला अपघात, नोकरीशी वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा संबंध दाखवता आला तर, नोकरीच्या ओघात झालेला मानता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये कर्मचारी भरपाई कायद्याच्या संदर्भात सांगितले आहे. तो खटला आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या मृत्यूचा होता. १९२३ च्या त्या कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) दाव्याची मुदत अपघातापासून २ वर्षांची होती. तुमचे २० महिने झाले आहेत. उशीर सबळ कारणासाठी माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नये. म्हणून या महिन्यात कामगार खटले चालवणाऱ्या एखाद्या वकिलाला कागद दाखवा, आणि पगाराच्या पावतीबरोबर त्या दिवशीच्या हजेरीची, म्हणजे पंचिंगची नोंद मागून ठेवा. पाळी सुटल्याची वेळ आणि अपघाताची वेळ यांच्यात किती अंतर आहे, हाच तिथे मुख्य पुरावा असेल.

(ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे आणि ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची कपात होते, अशा सातपूर-अंबडच्या वाचकांसाठी एक गोष्ट: तुमचा रस्ता वेगळा आहे. तिथे मालकाकडे भरपाई मागता येत नाही; वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेची हानी ठरवते आणि त्यानुसार दरमहा रक्कम मिळते. जाता-येताचा अपघात तिथे २०१० च्या दुरुस्तीपासून धरला जातो.)

सामूहिक पॉलिसीबद्दल तुम्ही फार थोडे लिहिले आहे, कारण तुमच्याकडे फार थोडे कागद आहेत. ती पॉलिसी कारखान्याच्या नावावर असते आणि कामगाराच्या हाती बहुतेक वेळा काहीच पडत नाही. एचआरकडे लेखी अर्ज करून अपघाताच्या तारखेला चालू असलेल्या पॉलिसीची प्रत, तिचा लाभतक्ता आणि फेटाळणीचे मूळ पत्र मागा. त्या पॉलिसीत फक्त मृत्यू आणि कायम संपूर्ण अपंगत्व एवढेच आहे, की अंशतः अपंगत्वही आहे, हे आधी पाहा. अंशतः असेल, तर ‘संपूर्ण अपंगत्व नाही’ हे उत्तर अपुरे आहे. कंपनीने पुढची ओळ तपासायलाच हवी होती. नसेल, तर संपूर्ण अपंगत्वाची व्याख्या वाचावी लागेल, आणि ती अनेकदा ‘कोणत्याही प्रकारचा कोणताही रोजगार करण्यास कायमचा असमर्थ’ अशी कडक असते. एका हाताने हिशेब लिहिता येणाऱ्या, बोलता-चालता येणाऱ्या माणसाला ती लागू करणे अवघड आहे.

तुमची आणखी एक समजूत दुरुस्त करतो. दोन्ही पॉलिस्यांवर एकाच वेळी दावा करणे म्हणजे फसवणूक, असे कोणीतरी तुम्हाला सांगितले आहे. रुग्णालयाचे बिल दोनदा वसूल करता येत नाही, हे खरे. अपघात विम्यात मात्र खर्चाची भरपाई नसते, ठरलेली रक्कम असते, त्यामुळे प्रत्येक पॉलिसी आपापली रक्कम देते. म्हणूनच आणखी दोन कागद शोधा. पहिला, मोटारसायकलच्या विम्याचा. २०१८ पासून गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. त्यासमोर हप्ता लावलेला असेल, गाडी यजमानांच्याच नावावर असेल आणि त्यांच्याकडे वैध परवाना असेल, तर एक हात वा पाय गेल्यास तिथेही ५० टक्क्यांची तरतूद आहे. अपंगत्व ६ महिन्यांत आलेले असावे ही अट आहे आणि ‘वापर गेला’ म्हणजे ‘अवयव गेला’ का, यावर तिथे वाद होऊ शकतो, पण दावाच न करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसरा कागद म्हणजे बँकेचे पासबुक. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला २० रुपये वळते झाले असतील, तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आहे आणि एका हाताचा वापर कायमचा गेल्यास तिच्यात १ लाख रुपये मिळतात. इथे तुमचे जिल्हा रुग्णालयाचे प्रमाणपत्र थेट कामी येईल. कळवण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली आहे, तरी उशिराचे खरे कारण लिहून अर्ज द्या. रुग्णालयाच्या खेपा आणि शस्त्रक्रियांच्या तारखा हेच कारण आहे. निव्वळ उशिराच्या तांत्रिक मुद्द्यावर खरा दावा फेटाळू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने २०११ मध्येच कंपन्यांना परिपत्रकाने बजावले आहे. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकरी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरच्या पीटीओत, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यात हात सापडून तो गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत एका अवयवासाठी १ लाख आणि दोन अवयवांसाठी २ लाखांचे अनुदान आहे. अर्ज तालुका कृषी कार्यालयात, ३० दिवसांत करायचा असतो.

तुमच्या स्वतःच्या पॉलिसीत साप्ताहिक लाभाचे कलमही पाहा. पूर्णपणे अंथरुणाला किंवा घराला खिळलेल्या आठवड्यांसाठी विमा रकमेच्या ठरावीक टक्के, कमाल १०० आठवड्यांपर्यंत, अशी तरतूद अनेक पॉलिस्यांत असते आणि कायम अपंगत्वाच्या गडबडीत लोक ती मागायचीच विसरतात.

आता राजीनामा. एचआरचे म्हणणे बहुधा असे असेल की तुम्ही राजीनामा द्या, मग हिशेब लवकर होईल. सामूहिक विम्याच्या दाव्यासाठी अपघाताच्या दिवशी नोकरीत असणे महत्त्वाचे, त्यामुळे तो दावा राजीनाम्याने बुडत नाही. बुडू शकते ते पेन्शन. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचे आणि संपूर्ण अपंगत्व आले, तर १० वर्षांची सेवा पूर्ण नसली तरी आणि अपघात कामावर झालेला नसला तरीही पेन्शन मिळू शकते. तिथली कसोटी अपघातापूर्वी जी कामे करण्याची क्षमता होती ती सगळी आता अशक्य झाली का, अशी आहे आणि वैद्यकीय तपासणी होते. ती पार पडेलच असे नाही, पण राजीनाम्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे लिहून बसलात तर तो प्रश्न विचारायलाही जागा राहणार नाही. ग्रॅच्युइटीचेही तसेच. यजमानांची १४ वर्षे झाली असल्याने त्यांना अडचण नाही, पण कमी सेवा झालेल्यांना माहीत असावे की अपंगत्वामुळे नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीसाठी ५ वर्षांची अट लागत नाही. त्यासाठी कागदावर ते कारण असायला हवे. राजीनाम्याऐवजी बसून करता येणारे काम, स्टोअर किंवा तपासणी विभागातले, लेखी मागा. सरकारी आस्थापनेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही असे दिव्यांग कायद्याचे २० वे कलम सांगते. खाजगी कारखान्याला ते लागू नाही. म्हणून हे हक्काच्या नव्हे, विनंतीच्या भाषेत लिहा, आणि नकार मिळाला तर तोही लेखी घ्या. तुमच्या भरपाईच्या दाव्यात तो नकार उपयोगी पडेल.

दिरांचा प्रस्ताव त्यांच्या मायेपोटी आला आहे, हे मी जाणतो. तरी तो नाकारा. १०० टक्क्यांच्या प्रमाणपत्राने पॉलिसीतली ओळ बदलत नाही, हे वर आलेच. शिवाय प्रत्येक पॉलिसीत फसवणुकीचे कलम असते आणि एक कागद खोटा निघाला की खऱ्या हानीचे पैसेही जातात. दुकानातल्या त्या २ तासांचे उत्तर याच धाग्यात आहे. कंपनीचा तपासनीस शेजारी चौकशी करतो, कधी फोटोही काढतो. लपवलेली साधी गोष्टही मग लबाडी ठरते. आणि लपवण्याची गरजही नाही. अंशतः अपंगत्वाच्या तक्त्यात माणूस कमावतो की नाही हा प्रश्नच नाही, हात चालतो की नाही एवढाच आहे. तुमच्या अर्जात सरळ लिहा की ते डाव्या हाताने वही लिहितात, माल उचलत नाहीत, आणि त्यांना अमुक रक्कम मिळते किंवा काहीच मिळत नाही. फक्त साप्ताहिक लाभ मागताना दुकानात बसायला लागल्याच्या तारखेपूर्वीचेच आठवडे धरा.

२५ टक्के मागणाऱ्या माणसाला देण्यासारखे या कामात काही नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिणे ही पहिली पायरी आहे: कोणत्या कलमाखाली, तक्त्यातल्या कोणत्या ओळीनुसार आणि कोणत्या डॉक्टरांच्या मतावरून १५ टक्के ठरवले, ते मागा, सर्जनचे नवे पत्र जोडा, आणि ५० टक्क्यांची ओळ का लागू होते ते दोन परिच्छेदांत लिहा. तीच तक्रार नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपाल. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून तक्रार ऑनलाइन देता येते व सुनावणी व्हिडिओवरूनही होऊ शकते. लोकपाल ५० लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नसतो. मुदत कंपनीच्या उत्तरापासून १ वर्षाची आहे, आणि सुरक्षित राहायचे तर ती जुन्यात जुन्या पत्रापासून मोजा. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे आणि तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मात्र आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल, मग लागलेच तर आयोग, हा क्रम मला तुमच्यासाठी बरा वाटतो. गाडीच्या आणि सामूहिक पॉलिसीसाठी तक्रारी वेगवेगळ्या करा. एका अर्जात तीन कंपन्या कोंबल्या की कोणीच नीट उत्तर देत नाही.

व्हाउचर फाडू नका असे सांगितले, कारण दीड लाखाची निकड मला दिसते आहे. मुलीची फी भरायची आहे असे तुम्ही लिहिले आहे. व्हाउचरवर सही केली म्हणून पुढे दाद मागण्याचा हक्क संपतो असा पवित्रा कंपन्यांनी घेऊ नये, असे नियामकाने सप्टेंबर २०१५ च्या परिपत्रकात सांगितले आहे. तरी छापील ‘पूर्ण व अंतिम’ खाली मुकाट्याने सही करणे आणि मग वर्षभर परिपत्रक दाखवत बसणे यात शहाणपण नाही. आधी कंपनीला ईमेलने कळवा की वाद नसलेली रक्कम म्हणून हे दीड लाख आम्ही हक्क राखून, अंशतः रक्कम म्हणून स्वीकारत आहोत. मग व्हाउचरवर ‘पूर्ण व अंतिम’ खोडून तेच वाक्य हाताने लिहा, सही करा, प्रत ठेवा. कंपनीने तसे व्हाउचर नाकारले, तर तो नकारही लोकपालांपुढे ठेवण्याजोगा आहे.

राहिले यजमानांचे वाक्य. त्यांनी वर्षानुवर्षे हप्ता भरला आहे, तेव्हा हिशेबाने यात भीक कुठेच नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलेच असेल आणि त्याचा उपयोग झाला नसेल. अडचण पैशाची नसून वर्णनाची असावी. ज्याने मायक्रॉनमध्ये माप घेतले त्याला ‘मला शर्टाचे बटण लावता येत नाही’ असे अनोळखी माणसाला लिहून द्यावे लागते आहे. मी असे सुचवतो की त्यांच्या दिवसाचे वर्णन तुम्ही लिहू नका, त्यांना सांगू द्या, आणि तेही टूलरूमच्या भाषेत: कोणते काम, पूर्वी किती वेळात, आता किती वेळात किंवा अजिबात नाही. सात दिवसांची अशी नोंद सर्जनला द्या आणि तक्रारीला जोडा. जे जमते तेही तिच्यात येऊ द्या; डाव्या हाताने स्कूटर नव्हे पण सायकल ढकलत नेता येते, वही लिहिता येते, हेही. अतिशयोक्ती नसलेली नोंद दावे विभागात इतकी क्वचित येते की ती आली म्हणजे माणूस चष्मा पुसून वाचतो.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर मंजूर झालेले पैसेही महिना-महिना अडकलेले मी पाहिले आहेत. यजमान आता डाव्या हाताने सही करत असतील आणि ती बँकेतल्या, पॉलिसीच्या प्रस्तावातल्या सहीशी जुळणार नाही. तक्रार पाठवण्यापूर्वी दोघे मिळून बँकेत जा, दिव्यांग प्रमाणपत्र दाखवून नव्या सहीचा नमुना नोंदवा, आणि बँकेने साक्षांकित केलेली तीच सही तिन्ही कंपन्यांना कळवा. सही वाकडी असली तरी हरकत नाही, सगळीकडे सारखीच वाकडी असू द्या.